डोंगराचा भाग पिवळा होतो

माझे मामा एका वर्तमानपत्राच्या कचेरीत रंगारी. निवडणूक झाली की जिन्याजवळच्या भिंतीवरचा राज्याचा नकाशा रंगवायचं काम त्यांचं. ज्या भागात जो पक्ष जिंकला, त्याचा रंग. जुना रंग ते कधी खरवडत नसत, वरूनच हात मारत. आळस, दुसरं काय!

पूर्वी अख्खं राज्य तपकिरी होतं. मग किनाऱ्याचा भाग पिवळा झाला. पुढच्या खेपेला मतदानाच्या आधीच गिरण्यांच्या भागात तपकिरीतून पिवळं वर आलं. सगळे म्हणाले, भिंतीला ओल आहे. अहो, पण तिथे पिवळा कधी लावलाच नव्हता! मतमोजणी झाली आणि गिरण्यांचा भाग पिवळ्यांकडे गेला. त्यानंतर सपाटीचा भाग, अगदी तसाच. मला त्या जिन्याने जायची भीती वाटू लागली. हसा खुशाल.

उरला आमचा डोंगराचा भाग. यंदा तिथून तपकिरी पक्षातर्फे माझी मामी उभी राहिली. चपला झिजेपर्यंत दारोदार फिरली. ‘परक्यांनी पाडलं तर सोसेन,’ ती म्हणायची, ‘आपल्यांनी पाडलं तर नाही.’ मामा नकाशातला डोंगर रोज संध्याकाळी तपकिरी करत. सकाळी पिवळं पुन्हा वर. बोट लावून पाहिलं, तर भिंत कोरडी ठणठणीत.

मामी पडली. घरी येऊन तिने चहाचं आधण ठेवलं.

‘आपल्या गल्लीनंसुद्धा मला मतं दिली नाहीत,’ ती म्हणाली. मामा खाली बघत बसले. तिच्या मनात पाल चुकचुकली असावी. ‘अहो, तुम्ही कुणाला दिलंत?’

‘तुझ्याच बटणाकडे हात नेला होता गं. पण भिंत आजवर चुकली नाही. म्हटलं, ठरलेलंच आहे तर मत वाया का घालवायचं?’

मामीने शांतपणे चहा गाळला. ती शांतता मला त्या भिंतीहून भयंकर वाटली.

‘आणि गल्लीतल्यांना कुठून कळलं, काय ठरलंय ते?’ तिने विचारलं.

‘विचारत होते सगळे, कोण येणार म्हणून,’ मामा म्हणाले. ‘एकेकाला नेऊन दाखवली मी भिंत.’