शोभेच्या देवळात दिवा

मंडळी, मी बागा सजवायचं काम करतो. चिकलठाण्याच्या एका सोसायटीच्या बागेत मी वेरूळच्या धर्तीवर सिमेंटचं छोटं देऊळ केलं होतं. मुद्दाम पडकं, निव्वळ शोभेचं. आत मूर्ती नाही.

आज सकाळी अध्यक्षांचा फोन आला. "एक काकू रोज तिथं दिवा लावतात, रंग काळा पडतोय. दाराला जाळी बसवा."

जाळी घेऊन गेलो. फुलंब्रीहून लेकाकडं राहायला आलेल्या काकू चपला बाहेर काढून आतला पाचोळा झाडत होत्या.

"काकू, हे दिखाव्याचं हाय. आत देव नाय."

"दिसतंय की मला, आंधळी हाय का मी?" त्या हसल्या. "येईल तवा येईल देव. तवर जागा झाडून ठेवायला नको व्हय? अन् या इमारतींत मला वळखीचं एवढंच हाय बाबा."

जाळी तशीच गाडीत ठेवली. अध्यक्षांना म्हटलं, "काळा पडलेला रंग मी येऊन मारून देत जाईन." ते नाखुशीनं "बरं" म्हणाले.

मूर्ती नसलेल्या गाभाऱ्यातला दिवा देवाला पोचत असेल का? मला तर पोचतो असंच वाटतं. तुम्हाला?