आपल्या माणसाची गाडी

गाडीचे दार लागताना जो आवाज उमटतो, त्या आवाजावर फेलिक्स सोबचाकची देवाखालोखाल श्रद्धा होती. अमेरिकेत, मिशिगनमधल्या पोलिश लोकांच्या त्या नदीकाठच्या गावात, मोटारींच्या कारखान्यात, दारे बसवण्याच्या लाइनवर त्याने सारा जन्म काढला. रविवारी देवळाबाहेर बायकोची वाट पाहत उभा असला, की तो डोळे मिटायचा आणि सुटणाऱ्या गाड्यांची दारे नुसती ऐकत राहायचा.

‘‘हे आपलं,’’ म्हणायचा. ‘‘हेही आपलं. हे मात्र शुक्रवारचं. पगार खिशात पडल्यावर बसवलंय कुणीतरी.’’

आणि याद्विगा त्याचा कोपर ओढून म्हणायची, ‘‘उपदेशाला असे कान दिले असतेस, तर एव्हाना संत झाला असतास!’’

तो फेलिक्स गेला. आणि कान मात्र याद्विगाकडे राहिले. माणूस जातो, त्याच्या सवयी घरात मागे राहतात, आणि ज्याच्यासाठी त्या जडल्या तोच नसतो, याहून मोठा एकांत तो कोणता? सकाळी रस्त्यावर कुणाचे दार वाजले, की स्वयंपाकघरात तिचा हात थबके. ‘हे आपलं,’ असे ती मनात म्हणे. ऐकायला कुणी नसे.

त्या गावाची एक रीत होती. ती कुठे लिहिलेली नव्हती आणि कारखान्याच्या साहेबांना ती ठाऊकही नव्हती. लाइनवरच्या माणसाने स्वतःसाठी, बहिणीसाठी, सासऱ्यासाठी गाडी नोंदवली, की तिचा क्रमांक तो लक्षात ठेवी. सांगाडा लाइनवर आला, की तो आपल्या माणसांना खूण करी. फेलिक्सच्या खिशात खडूचा एक तुकडा असे. बाळयेशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांच्या सणाला देवळात जो खडू मंतरून देतात आणि ज्याने घराच्या चौकटीवर राजांची आद्याक्षरे लिहितात, त्यातलाच तो तुकडा. त्या खडूने तो कोऱ्या पत्र्यावर बोटभर लांबीचा क्रूस काढी. बस्, तेवढेच. पुढच्या माणसाला तो क्रूस दिसे आणि त्याचा हात बदले. एरवी तीन वळसे द्यायचे तिथे तो पाना चौथ्यांदा फिरे. बिजागरी दोनदा तपासली जाई. आसनाखालची तार कुणी वाकून पाही. ‘सोबचाकची येतेय रे!’ अशी हाळी यंत्रांच्या गदारोळात या टोकापासून त्या टोकापर्यंत जाई, आणि ती गाडी बाहेर पडे ती शेकडो हातांचा आशीर्वाद घेऊन. रंग चढला की क्रूस झाकला जाई. पण त्याने करायचे ते काम केलेले असे.

याद्विगाच्या दाराशी आजवर उभ्या राहिलेल्या साऱ्या गाड्या तशा होत्या. त्या कधी वाटेत थांबल्या नाहीत. उणे अंशांच्या थंडीत, अंधाऱ्या पहाटे, ती शेजारच्या गावच्या इस्पितळात स्वयंपाकाला जाई. किल्ली फिरवली की गाडी ‘ओ’ देई. तिला वाटे, आमच्या कारखान्याच्या गाड्या अशाच असतात. लोक उगीच कुरकुरतात. लोकांना हळुवार चालवता येत नाही, दुसरे काय?

फेलिक्स गेल्यानंतर जुनी गाडी गंजून खाली बसली, तेव्हा याद्विगाने त्याच कारखान्याची नवी गाडी घेतली. कुणाला काही सांगितले नाही. दुःखात माणसाला बोलणे नको वाटते. दुकानात उभी होती त्यातली एक निळी तिने घरी आणली.

आणि ती निळी गाडी परक्याची निघाली.

चालताना उजव्या दारात काहीतरी खुळखुळे. पहाटे किल्ली फिरवली की खोकून गप्प बसे. दुसऱ्या हिवाळ्यात, वाऱ्याने बर्फ आडवे उडत असताना, हमरस्त्यावर तिने प्राण सोडला, आणि याद्विगा फेलिक्सचा जुना कोट गुडघ्यांवर ओढून काचेवर साचणारे बर्फ पाहत बसून राहिली. कुणा ट्रकवाल्याला दया आली म्हणून ती घरी पोचली. गॅरेजवाल्याने दाराचे आतले पान उघडले, तेव्हा पोकळीतून सोड्याची एक काचेची बाटली निघाली. बाटलीत चारदोन नट टाकलेले. कुणीतरी लाइनवर गंमत केली होती.

याद्विगाने ती बाटली घरी आणली, धुतली आणि मेजावर ठेवली. तिच्याकडे पाहता पाहता तिला जे कळले, त्याने तिचा नवरा दुसऱ्यांदा हरपल्यासारखा झाला. इतकी वर्षे गाडी धावत होती ती कारखान्याची नव्हतीच. ती फेलिक्सच्या प्रेमाची होती. ज्यांना लाइनवर कुणी नव्हते, ते बिचारे इतकी वर्षे खरेच सांगत होते.

इस्पितळात भांडी घासणारी एक बाई होती. तिचा या गावाशी काही संबंध नव्हता. ती जपानी गाडीतून येई. याद्विगाने तिला एकदा विचारले, ‘‘तुमचं कुणी आहे का हो तिकडे, जपानात?’’

बाई हसत सुटली. ‘‘माझं? माझं इथेसुद्धा कुणी नाही!’’

‘‘मग तुमची गाडी चालते कशी?’’

‘‘म्हणजे काय? किल्ली फिरवली की चालते!’’

 ते उत्तर याद्विगाच्या मनात रुतून बसले. समुद्रापलीकडच्या कुणा अनोळखी माणसाने, जिला तो कधी पाहणार नाही अशा या बाईसाठी, पाना चौथ्यांदा फिरवला होता. क्रूस नाही, हाळी नाही, नाते नाही. तरी फिरवला होता. अहो, यालाच आपण देवळात दर रविवारी भक्ती म्हणत आलो ना? येणारा प्रत्येक जण आपलाच, असे?

वसंतात तिने पांढरी, लहानशी जपानी गाडी घेतली. ती वाटेत थांबत नसे, आणि याद्विगाला त्याहून अधिक काही नको होते.

तिचा एकुलता भाऊ क्लेमेन्स त्याच संध्याकाळी आला. घरात ती त्याला क्लिमेक म्हणे, तो तिला याद्झा. तो फेलिक्सच्याच हाताखाली दारे बसवायला आणि ऐकायला शिकलेला. आईबाप गेलेले, मूलबाळ नाही, तेव्हा याद्विगाला रक्ताचे असे जगात तेवढेच माणूस. तो अंगणात उभा राहिला. टोपी काढली नाही.

‘‘हे काय आहे, याद्झा?’’

‘‘गाडी.’’

‘‘गाडी आहे ते दिसतंय मला. मी काय आंधळा आहे? कुणाची?’’

‘‘माझी. आत ये, क्लिमेक. सूप गरम आहे.’’

‘‘सूप घाल त्या गाडीत!’’ त्याचा आवाज चिरकला. ‘‘माझ्या लाइनवरची अर्धी माणसं घरी बसवलीत त्यांनी. मुलं पदरात असलेली माणसं! का बसवली? लोक असल्या गाड्या घेतात म्हणून. आणि लोक म्हणजे कोण, तर माझी सख्खी बहीण! फेलिक्सच्या अंगणात ही उभी!’’

तो खोटे बोलत नव्हता. गावात घरांवर विक्रीच्या पाट्या लागल्या होत्या. याद्विगा आत गेली, बाटली घेऊन आली आणि त्याच्या हातात दिली.

‘‘ही माझ्या दारात होती.’’

क्लेमेन्सने बाटली हलवली. नट खुळखुळले. आणि इतक्या रागातही त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आले. ‘‘हे दुसऱ्या शिफ्टचं काम. कंटाळतात गं... दिवसभर तेच तेच. मग करतात गंमत.’’ मग एकदम कळवळून म्हणाला, ‘‘पण मला सांगायचं नाहीस का, वेडे! क्रमांक दिला असतास, तर मी शब्द टाकला असता. तुझ्या गाडीचा एकेक बोल्ट मी जातीनं...’’

‘‘ठाऊक आहे.’’

‘‘मग?’’

‘‘जिला भाऊ नाही, तिनं काय करायचं, क्लिमेक?’’

  उत्तर नसलेल्या माणसाचा राग हा सगळ्यांत जड राग. त्याने बाटली पायरीवर ठेवली, हळू, फुटणार नाही अशी, आणि म्हणाला, ‘‘ही अंगणात असेल, तोवर मी या घराची पायरी चढणार नाही.’’

आणि तो खरेच चढला नाही.

गावाने तिला शिवी दिली नाही. शिवी देणारा निदान आपल्याकडे पाहतो तरी. ईस्टरआधीच्या उपवासाच्या शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून युनियनच्या सभागृहात तळलेल्या माशांच्या पंगती बसत. तिथल्या आवारात पाटी होती, की परदेशी गाडी उभी केल्यास ओढून नेली जाईल. याद्विगा आपली गाडी रेल्वेच्या रुळांपलीकडे ठेवी आणि बर्फाच्या चिखलातून चालत येई. ताट घेऊन बसली की तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहत. एकदा शेजारची त्सेलिना सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, ‘‘काय गं याद्विगा, त्या गाडीला पेट्रोल लागतं, की नुसता भात चालतो?’’

‘‘चालतो की,’’ याद्विगा म्हणाली. ‘‘आणि भात खाऊनही ती थंडीत सुरू होते. तुझी कशी आहे?’’

हशा पिकला. त्सेलिनाची मान खाली गेली, कारण तिची गाडी त्या आठवड्यात गॅरेजात होती. पण हसून झाल्यावर प्रत्येक जण आपल्या ताटाकडे वळला, आणि याद्विगाजवळ येऊन कुणी बसले नाही. मग तीही शुक्रवारी जाईनाशी झाली.

गाडी विकून टाकावी, असे तिला वाटले नाही का? वाटले. रात्र रात्र वाटले. गाडी गेली तर भाऊ येईल. पण तिच्या डोळ्यांसमोर हमरस्त्यावरचे ते बर्फ येई, आणि त्याहून अधिक, जिला कुणीच नाही ती भांडी घासणारी बाई येई. त्या बाईच्या बाजूने बोलायचे आणि मग आपल्याला भाऊ आहे म्हणून माघार घ्यायची, हे तिला जमेना. तिने गाडी ठेवली. भाऊ गमावला.

नाताळची पूर्वसंध्या आली. त्या संध्याकाळी पोलिश घरात पहिला तारा दिसल्यावरच जेवायला बसतात. मेजावर चादरीखाली गवताच्या काड्या पसरतात, बीटाचे लाल सूप, मासा, खसखशीची पोळी मांडतात. आणि एक ताट जास्तीचे वाढतात. वाट चुकलेल्या, अनोळखी पाहुण्यासाठी. तो येवो न येवो, त्याची जागा ठेवायचीच. जेवणाआधी ओप्वातेक मोडायचे. ओप्वातेक म्हणजे कागदासारखी पातळ, पांढरी पोळी, तिच्यावर बाळयेशूची मुद्रा. एकमेकांच्या हातातला तुकडा मोडून घ्यायचा, वर्षाचे रुसवेफुगवे सोडायचे. ज्याला एकट्याने जेवायचे आहे, त्याने ती कुणाबरोबर मोडावी?

याद्विगाने दोन ताटे मांडली. एक स्वतःचे, एक अनोळखी माणसाचे. दरवर्षी तिसरे असे ते क्लेमेन्सचे. ते तिने काढले, पुन्हा ठेवले, पुन्हा काढले. खिडकीत उभी राहून तिने तारा पाहिला. सूप वाढले. वाफ वर गेली आणि विरली. समोरच्या कोऱ्या ताटाकडे पाहून तिने हात जोडले. ‘‘बाबा रे,’’ ती त्या न आलेल्या पाहुण्याला म्हणाली, ‘‘इतकी वर्षं आम्ही तुला ताट वाढलं. कामावर मात्र तुझा बोल्ट सैल ठेवला. क्षमा कर आम्हाला.’’

एवढ्यात अंगणात दार वाजले.

घराचे नव्हे, गाडीचे. तिच्या गाडीचे. उघडले, क्षणभर शांतता, आणि मग लागले. जड, मऊ, एकसंध आवाज. याद्विगाचा चमचा हातातच राहिला. पाऊल वाजले नाही. आणि मग तेच दार पुन्हा उघडले, आणि पुन्हा लागले. या वेळी अगदी सावकाश. कुणीतरी कान देऊन ऐकत होते.

तिच्याखेरीज जगात दोनच माणसे दार असे ऐकत. त्यातले एक मातीत होते.

ती उठली नाही. उठून दार उघडले असते, तर त्याला मान खाली घालावी लागली असती किंवा पाठ फिरवावी लागली असती. तिला दोन्ही नको होते. रस्त्यावर एक इंजिन सुरू झाले. दुसऱ्या प्रयत्नाला सुरू झाले. आणि दूर गेले.

मग तिने फेलिक्सचा कोट पांघरला आणि बाहेर आली. रस्त्यापासून गाडीपर्यंत बुटांचे ठसे होते, गाडीपासून रस्त्यापर्यंत ठसे होते. घराच्या पायरीकडे एकही नव्हता. तो शब्दाचा पक्का होता. चालकाच्या आसनावर एक लिफाफा होता, आणि त्यात ओप्वातेक, एक कोपरा मोडलेले. सातासमुद्रापार राहणाऱ्या नातलगांना तसे पाठवतात. मोडलेला कोपरा सांगतो, की इथून मी मोडले, तिथून तू मोड. क्लेमेन्सचे घर तिच्या घरापासून दोन गल्ल्यांवर होते.

तिने दाराच्या कडेला बोट फिरवून पाहिले. आत, चौकटीवर, बिजागरीपाशी. खडूची खूण कुठे होती का? नव्हती. तेवढे त्याच्याने झाले नव्हते.

थंडी फार होती. याद्विगा गाडीशी उभी राहिली आणि मोडलेल्या कोपऱ्याशेजारचा तुकडा तिने मोडून जिभेवर ठेवला. तो विरघळेपर्यंत ती रस्त्याकडे पाहत होती. उरलेली पोळी तिने लिफाफ्यात घातली, लिफाफा कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. मग गाडीचे दार लावले, आणि सवयीने, ऐकायला कुणी नसताना, म्हणाली,

‘‘हेही आपलं.’’