पकड सोडण्याचा नियम

जालना एमआयडीसीतल्या एका बियाणे कारखान्याच्या गेटवर राजानंद पुंगळे बारा वर्षांपासून वॉचमन आहेत. वय बावन्न. डावा पाय उचलत नाही, ओढावा लागतो. गेटला लागूनच कॅन्टीन आहे. रविवारी दुपारी ते रिकामं असतं, तेव्हा बियाणे-तपासणीतला ऋषी, त्याची सहकारी भार्गवी आणि आणखी दोघे तिथे एक खेळ मांडतात. चौकोन आखलेला मोठा कागद, वीस बाजूंचा फासा, प्रत्येकाचं एक पात्र. शत्रू म्हणून औषध लावलेले गुलाबी मक्याचे दाणे. गोष्ट ऋषी सांगतो आणि शत्रूंच्या चालीही तोच खेळतो.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा एक वाद राजानंदांनी खिडकीतून ऐकला. शत्रूला धरून ओढत न्यायचं, तर एका चालीत किती चौकोन? ऋषी म्हणत होता, नेहमीचेच सहा. तरुणपणी कुस्ती खेळलेले राजानंद आत आले.

"धरणाराबी बांधलेला असतो," ते म्हणाले. "तीनच्या वर न्हाई जमत."

त्या दिवसापासून ते खेळात आले. झोंबीचे, म्हणजे धरपकडीचे, सगळे नियम ऋषीने त्यांच्याकडून वहीत उतरवून घेतले. ओढताना निम्मी चाल. ढकललं तर एकच चौकोन, तोही समोरच. राजानंदांचं पात्र अर्थातच पैलवान. तो एका चालीत सहा चौकोन धावायचा, आणि त्याला हलवताना राजानंद प्रत्येक चौकोन बोटाने मोजायचे.

शेवटचा नियम त्यांनी स्वतःहून सांगितला. धरलेल्याने दोन चापट्या मारल्या, की पकड सोडायची. राजूरच्या त्यांच्या तालमीत तो सगळ्यांना बंधनकारक होता. सव्वीस वर्षांपूर्वी राजूरच्याच कुस्तीच्या फडात त्यांनी कारभारी नावाच्या पैलवानाच्या पाठीवर अशा दोन चापट्या मारल्या होत्या. कारभारीने डाव ओढलाच. राजानंदांचा कमरेचा मणका गेला. चापट्या पडल्याचं कळलंच नाही, एवढंच कारभारी नंतर म्हणाला. ही गोष्ट खेळातल्या कुणाला माहीत नव्हती.

गेल्या फेब्रुवारीत खेळात धरणाच्या भिंतीवरची लढाई चालू होती. राजानंदांच्या पैलवानाने दरोडेखोरांच्या म्होरक्याला धरलं. ऋषीने म्होरक्याच्या वतीने टेबलावर दोन चापट्या मारल्या. राजानंदांनी पकड सोडली आणि चहाचा कप उचलला. फडात चापट्या पडल्या की कुस्ती संपते.

इथे संपली नव्हती. पुढच्या चालीला म्होरक्या चार चौकोन धावला आणि त्याने भार्गवीच्या पात्राला, वैदूबाईला, भिंतीवरून ढकललं. वैदूबाई मेली. भार्गवी दोन वर्षं तीच खेळत होती.

राजानंद म्हणाले, असं होत नसतं, हार मानलेला माणूस पुन्हा हात उचलत नाही.

"काका, तो दरोडेखोर आहे," ऋषी म्हणाला. "आणि सुटल्यावर त्याने काय करायचं, ते तुम्ही सांगितलंच नाही."

वही काढली. खरंच नव्हतं. राजानंदांना ते सांगायची गरज कधी वाटली नव्हती. भार्गवीने आपल्या पात्राच्या कागदाची घडी घातली आणि हा नियम नको, असं शांतपणे सांगितलं. मतं घेतली. चार विरुद्ध एक. ऋषीने त्या ओळीवर रेघ मारली. एकटे राजानंद नियम राहू द्या म्हणाले होते. का, ते त्यांनी तेव्हाही सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी म्होरक्याने त्यांच्या पैलवानालाच धरलं. राजानंदांचा हात टेबलावर दोनदा आपटला.

ऋषीने वहीतल्या रेघेवर बोट ठेवलं. "काका, तो नियम आता नाही."

"माहीत हे. हात गेला."

सुटायला फाशावर बारा तरी हवे होते. तीन पडले. म्होरक्याने पैलवानाला तीन चौकोन ओढत भिंतीच्या कडेला नेलं, मग एक चौकोन ढकलून खाली पाडलं. चाल बिनचूक होती. मोजायला राजानंदांनी बोट लावलं नाही.

भार्गवीने नवा कोरा कागद त्यांच्यापुढे सरकवला. दुसरा पैलवान करा म्हणाली.

"न्हाई बाई," ते म्हणाले. "मंग त्यालाबी कोणी धरलं, तर चापट्या मारून सोडणारं कोणी न्हाई."

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. गेटपर्यंत जायला त्यांना वेळ लागतो. टेम्पोवाल्याने आणखी दोनदा वाजवला.

आता त्यांनी साप्ताहिक सुट्टी रविवारी मागून घेतली आहे. वहीतले त्यांचे बाकीचे नियम चालू आहेत.