कासवासाठी देव हलवले

सासरे आमच्या नारायण पेठेतल्या दोन खोल्यांत राहायला आले ते एक वळकटी, एक पत्र्याची ट्रंक आणि करंडीत बसवलेलं एक कासव घेऊन. लग्नात सासरच्या सगळ्या माणसांची मला ओळख करून दिली होती, त्यात कासव नव्हतं. पण मामंजी अखेर आले याचाच इतका आनंद होता, की करंडीसुद्धा मी हसत हसत आत घेतली. तेव्हा कासव पाळायला कायद्याची आडकाठी नव्हती. आता आहे, आणि ते योग्यच आहे.

मामंजींचं गाव तिकडच्या शहराच्या हद्दीत आलं होतं. शेतात प्लॉट पडले, घर गेलं, विहिरीजवळची एक खोली तेवढी उरली. सासूबाई गेल्यावर ते तिथे एकटेच राहत आणि खोकत. माझे वडील फार लवकर गेले, त्यामुळे घरात एक वडीलधारं माणूस असावं असं मला मनापासून वाटे. वर्षभर मागे लागल्यावर ते कबूल झाले, तेही अटीवर. कासव सासूबाईंना बांधावर सापडलेलं, पुरीएवढं होतं तेव्हापासून त्यांनीच वाढवलेलं. मामंजी म्हणाले, "ह्यानं हितं खाल्लं तर ऱ्हातो. न्हाई खाल्लं तर ह्याला घिऊन म्हागारी जाणार."

म्हणजे आमच्या संसाराचा निकाल आता कासवाच्या तोंडी होता.

आमचे हे कचेरीत कारकून. कासव म्हटलं की पाणी, एवढंच यांचं प्राणिशास्त्र. यांनी त्याला पाण्याने भरलेल्या घंगाळात सोडलं. मामंजींनी ते लगेच उचलून धोतराच्या सोग्याने पुसलं. "आरं, हे रानातलं हाय. बुडंल की."

मग कासवाचं घर बांधायचं काम मी अंगावर घेतलं, कारण हातोडी मला यांच्यापेक्षा बरी चालवता येते. मोडक्या पलंगाच्या फळ्या होत्या. तीन बाजूंना फळ्या ठोकल्या आणि चौथ्या बाजूला जाळी लावली, त्याला बाहेरचं दिसावं म्हणून. ही माझी हौस. ते दिवसभर जाळीला नाक लावून ढकलत राहिलं. जाळी काढून तिथेही फळी ठोकली तेव्हा कुठे थांबलं. दिसतं आणि जाता येत नाही, याचा त्रास कासवालाही होत असावा. शहाबादी फरशीवर त्याचे पाय घसरत, म्हणून तळाला गोणपाट घालून वर कोरडी माती आणि वाळू चांगली जाड पसरली. लपायला एक फुटकी कुंडी आडवी करून अर्धी पुरली. पाण्याला उथळ परळ मातीत बसवला. काम झाल्यावर मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

आता हे ठेवायचं कुठे? मामंजींना प्रश्नच नव्हता. "देवाम्होरं," ते म्हणाले. गावच्या घरी ओसरीवर भिंतीत देव होते आणि कासव सकाळभर त्यांच्यासमोर बसून असे. सासूबाई त्याच्या पाठीला कुंकू लावत. प्रत्येक देवळात देवासमोर दगडी कासव असतंच, हे तर खरंखुरं. कोण नाही म्हणणार? आमचा देव्हारा मागच्या खोलीत, स्वयंपाकाच्या ओट्याशेजारी. तिथेच घर मांडलं, आणि कासवाजवळ असावं म्हणून मामंजींनी आपली खाटही त्याच खोलीत घातली. शेजारच्या दोघी येऊन कासवाला हळदकुंकू वाहून गेल्या. मी ते ओल्या फडक्याने पुसून काढलं.

आणि कासव खाईना. मेथी, मुळ्याचा पाला, काकडी, काही म्हणजे काही नाही. कुंडीत तोंड खुपसून बसे. थंडीचे दिवस होते. मामंजी त्याच्याजवळ पाटावर बसून राहत आणि स्वतःची भाकरीही अर्धी टाकत. "त्याला घरची याद येतीया," म्हणत. एका संध्याकाळी त्यांनी यांना विचारलं, स्वारगेटवरनं सकाळची पहिली गाडी कधी सुटते.

रविवारी ते केस कापायला गेले होते. ओट्यावरचं पाणी उडून माती ओलसर झाली होती, म्हणून ती वाळवायला मी पुढच्या खोलीत नेली. तिथल्या खिडकीतून सकाळचं ऊन थेट येतं. कासवालाही गोणपाटावर ठेवलं आणि केरसुणी आणायला गेले. परत येते तर मान लांब काढून, मागचे दोन्ही पाय पसरून ते जेवून आडव्या झालेल्या माणसासारखं पडलेलं. देवपूजेतलं जास्वंदीचं फूल समोर धरलं. त्याने पाकळीचा लचकाच तोडला.

मी तिथेच खाली बसले. गावची ओसरी पूर्वेकडे तोंड करून होती. सकाळभर तिथे ऊन असे. सासूबाईंचं कासव देवापुढे बसत नव्हतं, उन्हात बसत होतं. पण हे मामंजींना सांगायला माझी जीभ वळली नसती. त्या कासवाच्या भक्तीवर दोघांनी इतकी वर्षं विश्वास ठेवला होता. म्हणून मी देव हलवले.

देव्हारा पुढच्या खोलीत खिडकीशेजारी आला आणि त्याच्यासमोर, उन्हात, कासवाचं घर. हे खिडकीशेजारचा रेडिओ हातात धरून उभे. "हा कुठे ठेवू?"

"डोक्यावर," मी म्हटलं.

शेजारच्या काकू दारातून डोकावल्या. "देव बैठकीत? प्रदर्शन आहे का?"

"हो. तिकीट नाही. या."

मामंजी परतले तेव्हा कासव दुसरं फूल खात होतं. ते दारातच थबकले. मी घाईघाईने म्हटलं, "मागे धुराने देव काळे पडतात, म्हणून इकडे आणले." त्यांनी देवाकडे पाहिलं, कासवाकडे पाहिलं. "आसं व्हय," म्हणाले आणि त्याच्याजवळ फरशीवर बसले. उन्हात दोन्ही हात पुढे करून चोळत होते.

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सूनबाई, माझी खाट बी हितंच टाकता का? मागं लई गार पडतं."

मला रडूच आलं. कासवासाठी मी किती ठोकाठोक केली होती, आणि त्याच खोलीत निजणाऱ्या या माणसाला थंडी वाजते का, हे विचारलंच नव्हतं.

"टाकते," मी म्हटलं. "पण मग स्वारगेटचं नाव काढायचं नाही."

"आता कशापायी जातुया," ते म्हणाले, आणि जरा सरकून त्यांनी खाटेला जागा करून दिली.