पोर्टलवर हिरवं झालेलं गाव

दुपारी दीडला लाईट गेली, तेव्हा तीसपैकी दहा बायांची परीक्षा झाली होती. वीस बाकी होत्या. आणि पाच वाजता पोर्टल बंद होणार होतं.

गाव नेकनूरच्या पुढच्या फाट्यावरून आत. नाव लिहीत नाही, कारण गावाची काही चूक नव्हती. जिल्हा परिषदेच्या शाळेची रिकामी खोली आम्हाला मिळाली होती. पुण्यातल्या एका कंपनीने दहा लॅपटॉप, ट्रेनर आणि माझा पगार दिला होता. सरकारी आणि खाजगी भागीदारी म्हणतात ती हीच. खोली सरकारची, मशीन कंपनीची, आणि मध्ये मी. माझं पद जिल्हा समन्वयक. त्याआधी पंधरा वर्षं मी बीडमध्ये टायपिंग आणि कॉम्प्युटरचे क्लास घेत होते. शिकवणं मला येत होतं. दोन साहेबांच्या मध्ये उभं राहणं येत नव्हतं.

कोर्स साधा होता. बायांनी मोबाईल आणि कॉम्प्युटर वापरायला शिकायचं. अर्ज भरायचा, दाखला काढायचा, फसवणुकीचा फोन ओळखायचा. शेवटी असेसमेंट, म्हणजे ऑनलाइन परीक्षा. पंचवीस प्रश्न, पाऊण तास. कॅमेरा सुरुवातीला फोटो घेतो आणि मग अधूनमधून घेत राहतो. पास झालं की पोर्टलवर त्या बाईचं नाव हिरवं होतं. नापास झालं किंवा अर्धवट राहिलं की लाल.

तीन वाजेपर्यंत लाईटची वाट पाहिली. लॅपटॉपच्या बॅटऱ्या जुन्या होत्या. दहापैकी तीनच जीव धरून होते. नेट आमचा ट्रेनर इरफान याच्या मोबाईलवरून घेतलं होतं. तीन मशीन, दोन तास, वीस बाया. हिशोब बसत नव्हता.

मी पुण्याला साहिल सरांना फोन लावला. ते या प्रोग्रामचे मॅनेजर. माझ्यापेक्षा वयाने बरेच लहान, बोलायला गोड.

"सर, इथं लाईट नाही. दोन दिवस वाढवून द्या."

"मॅडम, करारात या बॅचची मुदत आजच आहे. पोर्टलची विंडो वाढवणं माझ्या हातात नाही."

"मग वीस बायांचं काय करू?"

"तुम्ही अनुभवी आहात. मॅनेज करा ना प्लीज."

पंचायत समितीत जोगदंड साहेब होते. विस्तार अधिकारी, सरकारच्या बाजूने आमचं काम तेच बघायचे. त्यांना फोन केला.

"बाई, सोमवारी वर आढावा हाय," ते म्हणाले. "नावं हिरवी दिसली पाहिजेत. कशी, ते तुमचं तुमी बघा."

खोटं करा, असं दोघांपैकी कुणीच म्हणालं नाही. म्हणायची गरजही नव्हती. मला कळलं होतं, आणि मला कळलंय हे त्यांनाही कळलं होतं.

मी इरफानला व्हरांड्यात बोलावलं. "बाईला कॅमेऱ्यासमोर बसवायचं. आपण बाजूला उभं राहून उत्तरं दाबायची. पाच मिनिटांत एक."

इरफान नेकनूरचाच. तीन महिने रोज स्कूटरवर येऊन त्याने या बायांना शिकवलं होतं. तो माझ्याकडे बघत राहिला.

"मॅडम, निम्म्या बायांना येतंय. त्यांना तरी बसू द्या."

"कुणाला येतं आणि कुणाला नाही, ते बघायला वेळ नाही."

तो आत गेला. एका मशीनजवळ तो उभा राहिला, दुसऱ्याजवळ मी. मी स्वतः नऊ बायांचे पेपर सोडवले. आकडा लक्षात आहे. त्यातल्या दोघी पेपर चालू असताना तोंडाला पदर लावून हसत होत्या. एक जण सारखी म्हणत होती, "मला येतंय म्हणलं हे, मला दाबू द्या की." मी दाबू दिलं नाही.

तिसऱ्या मशीनवर मुद्रिका बसली.

मुद्रिकाबद्दल सांगायला हवं. अडतीस-चाळीसची असेल. धनगर वस्तीवरून दोन किलोमीटर चालत यायची. नवरा मेंढरं घेऊन आठ महिने बाहेर. त्याचा आवाज फोनवर यायचा, पण कुठल्या शिवारात आहे ते कळायचं नाही. म्हणून ती शिकायला आली होती. पहिल्या आठवड्यात तिने लोकेशन कसं मागवायचं ते विचारलं. दुसऱ्या महिन्यात वस्तीवर मागे ठेवलेल्या मेंढरांतल्या एका मेंढीच्या तोंडात फोड आले, तेव्हा तिने तोंड उघडून, उजेडाला धरून फोटो काढले आणि जनावरांच्या डॉक्टरला पाठवले. डॉक्टरने फोटो बघूनच सांगितलं, ही मेंढी आधी कळपातून वेगळी बांधा. बाकीची मेंढरं वाचली.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तिला शिकवता येत होतं. मी ओटीपी समजावताना सुरक्षा, गोपनीयता असले शब्द वापरत होते. बाया जांभया देत होत्या. मुद्रिका मागून म्हणाली, "अगं, ओटीपी म्हंजी दाराची आतली कडी. भाईरून कुनी बी हाक मारली म्हनून आपन कडी काढतो का?" त्या दिवसानंतर वर्गात ओटीपी कुणाला परत समजवावा लागला नाही.

करारात एक चांगलं कलम होतं. प्रत्येक गावातल्या एका बाईला पुढच्या बॅचसाठी ट्रेनर नेमायचं. अट एकच, ती पास हवी. मी आणि इरफानने मनात नाव पक्कं केलं होतं. मुद्रिकालाही सांगितलं होतं.

त्या दिवशी मी तिच्या बाजूला जाऊन उभी राहिले. माऊसकडे हात नेला. तिने माझा हात हळूच बाजूला केला.

"मॅडम, माझं मी करते."

"वेळ कमी आहे, मुद्रिकाबाई."

"असू द्या. मला येतंय तर तुमी कावून दाबताव?"

मी मागे सरले. ती एकेक प्रश्न ओठ हलवत वाचत होती. पुस्तकी मराठी होती, तिला अडायला व्हायचं, पण उत्तर बरोबर निवडत होती. सतरावा प्रश्न चालू होता. तेवढ्यात इरफानच्या मोबाईलची बॅटरी संपली आणि नेट गेलं.

मी लगेच माझ्या मोबाईलवरून नेट दिलं. इरफानकडची बाई आणि माझ्याकडची बाई नुकत्याच बसत होत्या, त्यांचे पेपर सुरू झाले नव्हते, म्हणून ते उघडले. मुद्रिकाचा उघडला नाही. स्क्रीनवर 'सेशन एक्स्पायर्ड' असं आलं. म्हणजे एकदा सुरू झालेला पेपर मध्येच तुटला की संपला. एका नावाला एकदाच लॉगिन.

ती हात मांडीवर घेऊन बसून राहिली.

"माझं काय चुकलं का?"

"नाही. नेट गेलं."

"मंग परत लावा की."

"परत लागत नाही."

पाच वाजता पोर्टल बंद झालं. एकोणतीस नावं हिरवी होती आणि एक लाल. जोगदंड साहेबांचा मेसेज आला, अंगठा वर केलेला.

इथपर्यंतचं मी घाईत केलं, असं म्हणता येईल. पुढचं घाईत केलेलं नाही.

नियमात एक वाट होती. परीक्षेत तांत्रिक अडचण आली तर दोन दिवसांच्या आत पुण्याला रिपोर्ट पाठवायचा. ते लॉग तपासतात, म्हणजे कोणत्या मशीनवर कधी काय दाबलं गेलं त्याची नोंद बघतात. अडचण खरी निघाली की त्या बाईला पुन्हा बसू देतात. मुद्रिकाची अडचण शंभर टक्के खरी होती. पण लॉग एका बाईचा निघत नाही, अख्ख्या दिवसाचा निघतो. तिचा पेपर तपासला गेला असता तर पाच-पाच मिनिटांत सुटलेले एकोणीस पेपरही दिसले असते.

मी रिपोर्ट लिहिला. दोन दिवस तो माझ्या मेलमध्ये तसाच पडून होता. तिसऱ्या दिवशी मी तो काढून टाकला.

मुद्रिकाचा फोन आला. मी तिला सांगितलं, "पुढच्या बॅचला तुमचं नाव पहिलं." तिने विश्वास ठेवला.

ट्रेनर म्हणून सर्वांत जास्त मार्क मिळालेल्या बाईची निवड झाली. ती सरपंचाची सून. चांगली मुलगी होती, पण तीन महिन्यांत सहा दिवस आली असेल. तिचा पेपर मी सोडवला होता, त्यामुळे मार्क चांगले होते. बीडला कार्यक्रम झाला, तिला हार घातला, फोटो निघाले. स्टेजवरून उतरताना ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "मॅडम, मला शिकवायला नका सांगू हां. मला काईच येत न्हाई."

मला वाटलं होतं, दुसरी बॅच आली की सगळं सावरून घेऊ. आढावा बैठकीत साहिल सरांनी स्क्रीनवर गावांची यादी लावली. आमच्या गावापुढे लिहिलं होतं, 'सॅच्युरेटेड'. या शब्दाचा कामातला अर्थ असा, की या गावात शिकवायचं कुणी उरलं नाही.

"तिथं पहिल्याच बॅचचा निकाल एवढा छान आहे," साहिल सर म्हणाले. "आता सेंटर तेलगावच्या बाजूला हलवू. गरज तिकडे जास्त आहे."

जोगदंड साहेबांनी मान डोलावली. "खोली बी शाळेला परत पाहिजे."

"मॅडम, तुमचं काही?"

मला बोलायला जागा होती. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "नाही सर."

लॅपटॉप न्यायला टेम्पो आला, त्या दिवशी मुद्रिका शाळेजवळ उभी होती. कुणी कळवलं माहीत नाही. इरफान खोकी उचलत होता, त्याने तिच्याकडे बघितलंच नाही. महिनाभरात त्याने नोकरी सोडली. मला कारण सांगितलं नाही.

"मॅडम, दुसरी बॅच?" तिने विचारलं.

"इथं होणार नाही आता. गाव पूर्ण झालं, असं वरून आलंय."

"कुनाचं पूर्न झालं?"

मी टेम्पोत पुढे बसले.

मीही वर्षभराने ती नोकरी सोडली. मग हिंमत आली, असं लिहायला लाज वाटते, पण खरं तेच आहे. मी दोन्हीकडे पत्र लिहिलं. परीक्षेत काय झालं, कुणी केलं, किती पेपर, सगळं. स्वतःचं नाव आधी घातलं. त्या गावात पुन्हा वर्ग घ्यावा, अशी विनंती केली. कंपनीकडून उत्तर आलं नाही. सरकारी उत्तर दोन ओळींचं होतं. सदर गावाचे उद्दिष्ट पूर्ण झाले असल्याने नव्याने प्रशिक्षण देण्याची बाब विचारात घेता येत नाही. माझ्यावर कारवाईसुद्धा झाली नाही. कारवाई करायची तर आधी गाव अपूर्ण आहे, हे मान्य करावं लागलं असतं.

पत्राची प्रत घेऊन मी मुद्रिकाच्या वस्तीवर गेले. ती वाघुराला गाठी मारत होती. मेंढरं कोंडायच्या जाळीला वाघूर म्हणतात. मी तिला सगळं सांगितलं. लॉगचं सांगितलं, काढून टाकलेल्या रिपोर्टचंही सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत.

"म्हंजी तवा लिवलं असतं तर मी बसले असते?"

"हो."

"आन त्या एकोनीस?"

"त्या नापास झाल्या असत्या. माझी नोकरी गेली असती."

मग मी उगाच काहीतरी चांगलं ऐकायचं म्हणून विचारलं, "तुम्ही गावातल्या बायांना शिकवता का अजून?"

"गेलते की. दोनदा गेलते." तिने गाठ दाताने ओढली. "एका बाईला कुनाचा तरी फोन आलता, ती नंबर सांगायलीच व्हती. मी म्हनलं, सांगू नगस. तर मलाच म्हनली, आमी पास हाओत, भिंतीला सर्टिफिकेट हाय. तू नापास. तू आमाला काय शिकिवती?"

"मग?"

"मंग काय. आले घरी. आता न्हाई जात."

तिने मला चहा दिला. पत्राची प्रत मात्र घेतली नाही.

आता मी पुन्हा क्लास घेते. या कामात नव्याने येणारी मुलंमुली कधी सल्ला विचारायला येतात. मी त्यांना एवढंच सांगते. न झालेलं काम न झालं म्हणूनच लिहा. ते उद्या पुन्हा मागता येतं. झालं म्हणून लिहिलेलं काम पुन्हा कुणी देत नाही.