एका बॅटरपुरता

एमेट स्कोव्ह डावखुरा होता, आणि त्या डाव्या हातावरच त्याने बेसबॉलमध्ये अकरा वर्षं काढली. समोर डावखुरा बॅटर आला आणि सामना अडला की दमलेल्या पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, जागी त्याला धाडायचे. चार-पाच चेंडू, एक माणूस बाद, की एमेट परत बाकावर. बायको लोरीन म्हणायची, "तुझ्या कामापेक्षा तुझी अंघोळ जास्त वेळ चालते."

बड्या लीगमध्ये तो सगळे मिळून नव्वद दिवस होता, तेही तुकड्यातुकड्यांनी. बाकी सगळं आयुष्य छोट्या गावांचे संघ, बस आणि मोटेलांतच गेलं.

मग नियम आला: मैदानात उतरलेल्या पिचरने निदान तीन बॅटरना तरी चेंडू टाकायचेच. उजव्या हाताच्या बॅटरना एमेटचा चेंडू लांबूनच दिसे, आणि ते तो सहज फटकावत.

आयोवातला ऑगस्टमधला रविवार. भर दुपारी कोच टॅबने त्याला सरावाचे चेंडू टाकून हात गरम करायला लावलं, मग बसवलं. पुन्हा उठवलं, पुन्हा बसवलं.

"म्हाताऱ्या, हात शाबूत आहे ना?" बॅटरमागे चेंडू झेलणाऱ्या कॅचर किरोगाने विचारलं.

"मला काय विचारतोस? हातालाच विचार."

नऊपैकी आठव्या डावात एकदाचं पाठवलं. पहिल्या डावखुऱ्याला त्याने तीन चेंडूंत गारद केलं आणि सवयीने बाकाकडे चालू लागला.

किरोगा धावत आला. "अरे, निघालास कुठे? अजून दोघं आहेत!"

त्यातल्या पहिल्याने चेंडू कुंपणावर आदळवला. दुसऱ्याने थेट कुंपणापलीकडे भिरकावला. संघाचा मॅनेजर मैदानात आला, एमेटच्या हातातून चेंडू घेतला. "पहिला छान काढलास," एवढंच म्हणाला.

सामन्यानंतर ऑफिसात बोलावून त्याला संघातून मोकळं केलं. एमेटला धक्का वगैरे बसला नाही. तो खुर्चीत जरा जास्तच वेळ बसून राहिला, कारण उठायचा कंटाळा आला होता.

गाडीतून त्याने लोरीनला फोन लावला. "संपलं."

ती म्हणाली, "जेवलास का?"

"नाही."

"मग ये घरी. सावकाश चालव."

नेब्रास्कात मेहुण्याच्या ओळखीने त्याला धान्याच्या कोठारावर ट्रक रिकामे करायचं काम मिळालं. थंडीत खांदा ठणकायचा, शर्ट घालताना लोरीनला बाही धरावी लागे. एप्रिलमध्ये नवा हंगाम सुरू झाला. पहिल्या रविवारी रेडिओवर सामना लावून तो दोन वाजता आडवा झाला आणि सहापर्यंत झोपला. लोरीनने आवाज बारीक केला, पण त्याला उठवलं नाही.