बाशिंग घातलेला बाप

सहादेव पठाऱ्याला राहात्यात सगळे 'पोष्टरवाला येडा' म्हणत. लोकांचं फारसं चुकत नव्हतं. घरात धड खुर्ची नाही, आणि हा गडी मुक्या विनोदी सिनेमांची पोस्टरं कापडावर चिकटवून, मध्ये कडुनिंबाचा पाला घालून पेटीत जपतोय! शेळीला भिऊन झाडावर चढलेला पैलवान, लुगडं नेसून पळणारा फौजदार. असल्या कागदांपायी त्यानं अर्धा महाराष्ट्र पालथा घातला होता.

पण त्या वेडाला कारण होतं. सहादेव पोटात असतानाच त्याचा बाप पटकीनं गेला. तरुणपणी बाप घरातून पळून एका सिनेमा कंपनीत गेला होता आणि एका मुक्या सिनेमात त्यानं नवरदेवाचं सोंग केलं होतं. बापाचा फोटो असा नव्हताच. राहात्याच्या बाजारात लागलेलं पोस्टर तेवढं आईनं पाहिलेलं. "डोईला बाशिंग, एक पाय हौदात, अन् तोंडभर हसू," ती सांगायची. बापाचं तोंड एकदा बघायचं, एवढ्यासाठी सहादेव टुरिंग टॉकीजमध्ये पोस्टरं चिकटवायच्या कामाला लागला आणि जत्रांमागून जत्रा हिंडला. ऐंशीला टेकला तरी ते पोस्टर काही गावलं नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात भंगारवाल्या गनीभाईनं निरोप धाडला. "सहादेवभाऊ, टॉकीजवाल्यांचं जुनं गोदाम पाडलं. तिथल्या फळीवर कागदाचा हा एवढा थर हाय. भंगारात घालायला माझा जीव होत न्हाई."

टॉकीजवाले जुनं पोस्टर कधी काढत नसत, त्याच्यावरच नवं डकवत. त्यामुळे सगळ्यात जुनं ते सगळ्यात तळाला. सहादेवनं फळी घरी आणून अंगणातल्या उथळ हौदात कोमट पाण्यात ठेवली. खळ सुटेल तसा वरून एकेक कागद तो सोलत गेला. घाई केली की कागद फाटतो, हे त्याच्या बोटांना ठाऊक होतं. वरचा शेवटचा एक थर राहिला आणि त्या विरलेल्या कागदाखालून बाशिंग आणि मुंडावळ्या दिसल्या. सहादेवनं हात मागे घेतला.

हा थर आणखी तासभर भिजायला हवा होता. त्याची बायको साळूबाई ओसरीवर डुलकी घेत होती. गेली दोन वर्षं तिला माणसं ओळखू येत नव्हती, कधी कधी नवराही नाही. तिच्या गोळ्या संपल्या होत्या. एरवी शेजारची मालनबाई तिच्यापाशी बसे, पण ती माहेरी गेलेली. आत्ता जाऊन आत्ता येतो, म्हणून सहादेव मेडिकलवर गेला.

तिथं गर्दीत तास मोडला. परतला तेव्हा अंगणात मेथ्यांचा वास सुटला होता. फळी कोरी पडली होती. साळूबाई उखळापाशी बसून, पालथ्या घागरीवर करडा लगदा थापत होती. डोकं गेलं तरी हात कुठं विसरतात? उन्हाळ्यात भिजलेला कागद दिसला की मेथ्या घालून कुटायचा आणि टोपली करायची, हे ती पोरवयापासून करत आलेली.

"आलात व्हय?" ती म्हणाली. किती महिन्यांनी तिनं त्याला ओळखलं होतं! "बघा, भाकरीला टोपली केली."

सहादेव घागरीपाशी बसून लगद्यात एखादा शाबूत तुकडा शोधू लागला. रागवायचं तरी कुणावर? शेण खाल्लं ते आपणच, फळी उघडी टाकून गेलो.

"त्यात एक मानूस हुता," साळूबाई लगद्यावरून ओला हात फिरवत हसली. "बाशिंग बांधल्याला. लई ग्वाड हसत हुता मेला."

सहादेव तिच्यापुढे गुडघ्यांवर सरकला. तिचे दोन्ही हात त्यानं घट्ट धरले.

"साळू, कसा हुता गं? नाक कसं हुतं? डोळे? सांग की."

साळूबाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"कोन?" तिनं विचारलं. "आन तुमी कोन?"